केंद्रक नाही, मग एवढा डीएनए गुंतत कसा नाही?

धुऱ्यावरचा पळस | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात वर्गात एक प्रश्न आला, तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

अकरावीचा पेशींचा पाठ चालू होता. आदिकेंद्रकी पेशी, म्हणजे जीवाणू वगैरे. फळ्यावर मी दरवर्षी लिहितो तेच लिहिलं: केंद्रकपटल नसतं, हिस्टोन (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळला जातो ती) प्रथिनं नसतात, जनुकीय द्रव्य पेशीद्रवात नग्न अवस्थेत असतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती बोलत नाही. म्हणाली, "सर, आमच्या घरी पोळ्यासाठी अंबाडीच्या वाकाचे दोर वळणं चालू आहे. वळलेला दोर नीट गुंडाळून नाही ठेवला, तर दुसऱ्या दिवशी असा गुंता होते का कापाच लागते. मग या जीवाणूचा दोर कोण गुंडाळते?"

मी तिला तेव्हा जे सांगितलं ते अपुरं होतं. घरी येऊन हिशोब मांडला. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू घेतला. त्याची पेशी साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि १ मायक्रोमीटर रुंद. त्याचं गुणसूत्र एकच, वर्तुळाकार, सुमारे ४६ लाख जोड्यांचं (डीएनएचे दोन पदर ज्यांनी जोडलेले असतात त्या बेसच्या जोड्या). ताणून सरळ केलं तर लांबी जवळजवळ १.६ मिलिमीटर, म्हणजे पेशीच्या लांबीच्या आठशेपट.

आता हे सगळं १० लाखपट मोठं करा. पेशी होते दोन मीटर लांबीची, मीटरभर रुंदीची आडवी पाण्याची टाकी. डीएनए होतो २ मिलिमीटर जाडीची सुतळी, आणि तिची लांबी दीड किलोमीटरहून जास्त. आमच्या कॉलेजच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत जाऊन तिथून थोडं पुढं.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण मी पुढचा हिशोब केला आणि थांबलोच. एवढ्या सुतळीला जागा किती लागते? जाडी आणि लांबीवरून आकारमान काढलं तर फक्त पाच लिटर. टाकी तेराशे लिटरची. म्हणजे जागेची अडचण मुळात नाहीच, अर्धी बादलीसुद्धा भरत नाही. अडचण आहे ती त्या मुलीनं सांगितली तीच, गुंत्याची. दीड किलोमीटरची सुतळी टाकीत नुसती सोडून दिली तर ती आपसूक नीट बसणार नाही, फुगून टाकीबाहेर येईल. आणि ही सुतळी नुसती पडून राहायची नाहीये. तिच्यावरचा मजकूर सतत वाचला जातो, तिची नक्कल होते, दोन्ही नकला वेगळ्या होऊन दोन पेशींत जातात. हे सगळं गाठ न पडता.

तेव्हा 'नग्न' हा शब्द मला खटकायला लागलाय. आपण अकरावीला नग्न शिकवतो आणि बारावीला त्याच जीवाणूचा डीएनए धनप्रभार असलेल्या प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो असं शिकवतो. मुलं दोन्ही वाक्यं पाठ करतात. माझं म्हणणं असं, की पटल नसणं आणि व्यवस्था नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही मास्तर लोक वर्षानुवर्षं त्या एकत्र करून शिकवत आलो.

या विषयात काम केलेलं कुणी इथं असेल तर कृपा करून लिहा. त्या मुलीला धड उत्तर द्यायचं आहे.


काटेपूर्णा | रविवार, रात्री ११.१५

सर, मूळची अकोला जिल्ह्यातली, सध्या नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. तुमच्या विद्यार्थिनीनं दोराचं उदाहरण दिलं ते ऐकून फार बरं वाटलं, कारण या सगळ्याचं उत्तर पिळातच आहे.

डीएनए हा दोन पदरांचा पिळलेला दोर. साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. म्हणजे ई. कोलायच्या गुणसूत्राला सव्वाचार-साडेचार लाख वेढे. आता दोराची दोन टोकं मोकळी असती तर पीळ आपोआप सैल झाला असता. पण इथं दोर वर्तुळाकार, टोकच नाही. अशा दोराचा पीळ कमी-जास्त केला तर तो जातो कुठं? तुमच्या मुलीला विचारा, ती लगेच सांगेल. दोर स्वतःभोवतीच वेटोळी घेतो. यालाच अतिपीळ म्हणायचं.

जीवाणू यात एक सुंदर गोष्ट करतो. तो मूळ पिळाच्या उलट दिशेनं थोडासा पीळ देतो. शंभर वेढ्यांमागे साधारण सहा वेढे कमी. त्यानं एकाच वेळी दोन कामं होतात. दोर वेटोळ्यांमुळे आकसतो, आणि उलट पिळामुळे त्याचे पदर सुटायला अर्धे तयार असतात. म्हणजे वाचायला घेतला की चटकन उघडतो. बांधणी आणि उघडणी एकाच युक्तीत.

हा उलटा पीळ देणारं विकर (एन्झाइम) म्हणजे डीएनए गायरेज. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ते शोधलं. गायरेज दोराचे दोन्ही पदर कापतं, कापलेल्या फटीतून दोराचा दुसरा भाग पलीकडे काढतं, आणि पुन्हा जोडून टाकतं. यासाठी एटीपी या पेशीतल्या इंधनाची ऊर्जा खर्च होते. पीळ जास्त झाला तर तो सैल करायला टोपोआयसोमरेज १ हे दुसरं विकर आहे. दोघांमध्ये पिळाचा तोल राखला जातो.

सिप्रोफ्लॉक्सासिन नावाची गोळी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती नेमकी इथं काम करते. गायरेजनं दोर कापला की त्याला त्याच अवस्थेत धरून ठेवते, जोडू देत नाही. गुणसूत्राचे तुकडे पडतात आणि जीवाणू मरतो. ज्या गोष्टीला आपण 'नग्न, अस्ताव्यस्त' म्हणतो तिची व्यवस्था मोडली की जीवाणू मरतो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा?

दुसरा मुद्दा फासांचा. आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. जीवाणूच्या दोराबद्दल हे बरंच खरं आहे. १९७२ मध्ये वोर्सेल आणि बर्गी यांनी पेशीतून बाहेर काढलेल्या गुणसूत्राला विकरानं हलकेच एकेक चिरा दिल्या. अखंड वर्तुळाला एक चीर पडली तर सगळा पीळ एकदम सुटायला हवा होता. तसं झालं नाही. प्रत्येक चिरेमागे थोडाथोडाच पीळ गेला. म्हणजे दोर जागोजागी धरलेला आहे, त्याचे वेगवेगळे फास आहेत, आणि एका फासातला पीळ शेजारच्या फासात जात नाही. त्यांना असे काही डझन फास दिसले. नंतरच्या कामातून ते बरेच जास्त आणि लहान निघाले, सरासरी दहा हजार जोड्यांच्या आसपासचे. शिवाय ते कायमचे एकाच जागी बांधलेले नसतात, गाठी सरकत राहतात.

आणि धरणारे हात म्हणजे प्रथिनं. एचयू, आयएचएफ, फिस, एच-एनएस. एचयू आणि आयएचएफ दोराला वाकवतात, एच-एनएस लांबच्या दोन जागा एकमेकींना जोडते. मुकबी नावाचं एक मोठं प्रथिन आहे, ते दोराचे मोठे फास धरतं. या सगळ्यांनी मिळून जो भाग बनतो तो न्यूक्लिऑइड, मराठीत केंद्रकाभ. भिंत नसलेली, पण स्वतःची जागा असलेली चीज.


वऱ्हाडी कापूस | सोमवार, सकाळी ६.५०

मास्तर, ताई, दोघायलेबी नमस्कार. मी बारावी शिकलो अन् वावरात लागलो. रात्री वाचलं ते समजलं, कारण दोर आमी बी वळतो.

मले एक इचारायचं हाय. आमची पऱ्हाटी बीटी. त्या बीटीचा जीन जीवाणूतून आणला असं सांगतात. तो जीन या दोरावरच असते का? अन् जीवाणूतून झाडात गेला तर आता झाडातून दुसऱ्या कोनात जाईन का? आमच्याइथं लोक काईबाई बोलतात. कोनी म्हणते बीटीच्या वावरात चरल्यानं ढोरायच्या अंगात जीन जाते. खरं काय ते सांगा.

दुसरं, आमी सोयाबीनच्या बियाण्याले रायझोबियम चोळतो, मुळाच्या गाठीत राहून हवेतला नत्र पिकाले देणारा जीवाणू. दरसाल पाकीट घ्याचं का नाई, यावर घरात भांडण हाय. ते बी याच धाग्यात बसत असन तर सांगा.


धुऱ्यावरचा पळस | सोमवार, दुपारी १.१०

दादा, तुमचा प्रश्न धाग्याला सोडून नाही, उलट गाभ्यातला आहे. बीटीचं मी सांगतो, रायझोबियमचं काटेपूर्णा ताई सांगतील.

जीवाणूच्या पेशीत मोठ्या दोराशिवाय लहान लहान वेगळे दोर असतात, तेही बहुधा वर्तुळाकार. त्यांना प्लास्मिड म्हणतात. हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये वापरात आणला. मोठ्या दोरावर रोजच्या जगण्याचा मजकूर, लहान दोरावर बहुतेक वेळा प्रसंगी कामाला येणारा. प्लास्मिड स्वतःची नक्कल स्वतः करून घेतं आणि अनेकदा एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जीवाणूत अळीला मारणारं स्फटिकासारखं प्रथिन बनतं. त्याची क्राय जनुकं बहुतेक मोठ्या प्लास्मिडवर असतात. म्हणजे तुमच्या पऱ्हाटीतल्या जनुकाचं मूळ घर मोठा दोर नाही, लहान दोर आहे.

ते कापसात कसं नेलं? त्यातही एक प्लास्मिडच कामाला आलं. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू झाडाच्या जखमेतून आपल्या टीआय प्लास्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, आणि तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. निसर्गात त्यानं झाडावर गाठ येते. शास्त्रज्ञांनी गाठीची जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक ठेवलं. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसातलं क्राय १एसी जनुक याच वाटेनं गेलं.

पण एकदा का ते कापसाच्या गुणसूत्रात बसलं, की ते प्लास्मिड राहत नाही. आपल्या अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात, त्यातल्या एकाचा तो भाग झाला. तिथं केंद्रक आहे, पटल आहे, हिस्टोनवर गुंडाळलेला दोर आहे. इकडून तिकडे उडी मारायची जी सोय प्लास्मिडला होती ती तिथं नाही. परागकणातून दुसऱ्या कापसाच्या झाडात जाऊ शकतं, जसं कापसाचं कुठलंही जनुक जातं. ढोरानं पाला खाल्ला तर पाल्यातला बाकी डीएनए जसा पचतो तसाच हाही पचतो. ढोराच्या अंगात बीटी शिरत नाही.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडे बीटी कापसाचंही जे नुकसान केलं ते आठवून तुम्ही विचाराल, मग जनुक हरवलं का? नाही. जनुक झाडात आहे तिथंच होतं. बदल अळीत झाला.


काटेपूर्णा | सोमवार, रात्री १०.२०

वऱ्हाडी कापूस दादा, रायझोबियमचं सांगते. यातून सरांनी मांडलेली एक गोष्ट थोडी दुरुस्तही होईल.

मुळावर गाठी आणणारी जनुकं वेगवेगळ्या जीवाणूंत वेगवेगळ्या ठिकाणी असतात. मेथी-लसूणघासाच्या मुळावर राहणारा जो जीवाणू आहे, त्याच्यात ती दोन अजस्र प्लास्मिडांवर आहेत. एक साडेतेरा लाख जोड्यांचं, दुसरं जवळजवळ सतरा लाखांचं. त्याचं मुख्य गुणसूत्र साडेछत्तीस लाखांचं. तेव्हा 'प्लास्मिड म्हणजे छोटंसं' हे दरवेळी खरं नाही.

सोयाबीनचा जीवाणू वेगळा, ब्रॅडीरायझोबियम. त्याचा दोर ९१ लाख जोड्यांचा, ई. कोलायच्या जवळपास दुप्पट. अभ्यासातला जो प्रसिद्ध वाण आहे त्यात गाठीची जनुकं प्लास्मिडवर नाहीतच, मुख्य गुणसूत्रावरच एका सलग पट्ट्यात आहेत. त्याला सहजीवन-बेट म्हणतात. त्या पट्ट्याची घडण बाकीच्या दोरापेक्षा वेगळी दिसते, म्हणजे तो कधीकाळी बाहेरून येऊन बसलेला आहे.

असं येऊन बसताना शास्त्रज्ञांनी शेतातच पकडलंय. न्यूझीलंडमध्ये एका जमिनीत लोटस नावाचं चाऱ्याचं द्विदल पीक पेरलं होतं. तिथं त्या पिकाच्या गाठीचे जीवाणू आधी नव्हते, म्हणून बियाण्याला एकच वाण चोळला. सात वर्षांनी गाठी तपासल्या तर त्यात निरनिराळे जीवाणू निघाले. चोळलेल्या वाणानं आपलं पाच लाख जोड्यांचं बेट मातीतल्या स्थानिक जीवाणूंना देऊन टाकलं होतं आणि ते गाठी करायला शिकले होते. हे १९९५ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं.

घरातल्या भांडणाबद्दल: ज्या वावरात सोयाबीन नेहमी घेता तिथं मातीत जीवाणू आधीच असतात, पण ते चांगले काम करणारे असतीलच असं नाही. शिफारस आहे ती १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सावलीत वाळवून लगेच पेरणी. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, जीवाणू शेवटी. आणि सोयाबीनचं पाकीट सोयाबीनलाच, हरभऱ्याचं हरभऱ्याला, दोन्हींचे जीवाणू वेगळे. फुलोऱ्याच्या वेळी दोन झाडं मुळासकट हळूच उपटून गाठ नखानं फोडून पाहा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय. पांढरट-हिरवट असेल तर नाही. पाकिटावरून वाद घालण्याआधी गाठ पाहा.


उपकेंद्रातली ताई | मंगळवार, रात्री ८.०५

मी आरोग्य सेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यात. क्षयरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करते. बेडक्याचा नमुना सीबीनॅट या तपासणीला पाठवला की त्यात रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला रेझिस्टन्स आहे का तेही कळतं. आजवर मला वाटायचं की हे औषधाला दाद न देणं एका रुग्णाच्या जंतूपासून दुसऱ्याच्या जंतूला लागतं, प्लास्मिडनं. इथलं वाचून शंका आली. एका घरात दोघांना एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय, निघाला तर लोक विचारतात, हे कसं पसरलं. मला नीट सांगता आलं पाहिजे.


काटेपूर्णा | मंगळवार, रात्री ९.३०

ताई, फार महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही वाटा असतात, पण जंतूनुसार.

पोटाच्या जंतूंत प्लास्मिडची वाट मोठी. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे असे जंतू सापडायला लागले जे एकाच वेळी चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा गुण एका जीवाणूतून शेजारच्या जीवाणूत संपर्कातून जातो, तोही दुसऱ्या जातीच्या. चार औषधांची चार जनुकं एकाच लहान दोरावर.

क्षयाच्या जंतूचं तसं नाही. त्याचा दोर ४४ लाख जोड्यांचा, १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्याच्यात प्लास्मिड नाही. औषधाला दाद न देण्याचा गुण त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या चुकीतून येतो. रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी नावाच्या जनुकातल्या फक्त ८१ जोड्यांच्या पट्ट्यात बहुतेक बदल होतात, आणि सीबीनॅट नेमका तोच पट्टा तपासतो. ४४ लाखांतले ८१.

म्हणून एका घरातल्या दोघांना निघाला तर अर्थ असा, की एकाच्या शरीरात तयार झालेला पूर्ण जंतूच खोकल्यातून दुसऱ्याला गेला असण्याची शक्यता जास्त. एका जंतूनं दुसऱ्या जंतूला गुण दिला असं नाही. आणि गोळ्या मधेच सोडल्या की हा बदललेला जंतूच उरतो आणि वाढतो. कोट्यवधी जंतूंत एखाद्यात आपोआप झालेली चूक, आणि अर्धवट औषधानं बाकीचे मेले.

आणखी एक. एमडीआरला लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन देतात ना? ती औषधं सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातली. वर सांगितलं ते गायरेज हेच त्यांचं लक्ष्य. बऱ्याच जीवाणूंत गायरेजच्या जोडीला टोपोआयसोमरेज ४ हे दुसरं तसंच विकर असतं. क्षयाच्या जंतूत ते नाहीच, सगळा भार एकट्या गायरेजवर. तुम्ही ज्या गोळ्या मोजून देता त्या या पिळावरच घाव घालतात.


लोणारकाठ | बुधवार, सकाळी ७.३०

बुलडाणा जिल्ह्यातून. दोन गोष्टी जोडतो, फार लांबवत नाही.

एक. जून २०२० मध्ये आमचं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, सगळ्यांनी फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा खारेपणात वाढणारे हॅलोआर्किया त्याला कारण असल्याचं सांगितलं. आर्किया हा जीवाणूंहून वेगळा सूक्ष्मजीवांचा गट, पण तोही आदिकेंद्रकीच, केंद्रक नाही. पण आर्कियातल्या बऱ्याच जातींत हिस्टोन असतात आणि डीएनए त्यांच्यावर गुंडाळलेला असतो. तेव्हा 'आदिकेंद्रकी म्हणजे हिस्टोन नाहीत' हे वाक्य जीवाणूंपुरतं ठेवा, सर. शिवाय मिठात राहणाऱ्या आर्कियांत एका पेशीत गुणसूत्राच्या पंधरा-वीस नकलाही सापडल्या आहेत. एक पेशी, एक दोर हेही सगळीकडे लागू नाही.

दोन. 'वर्तुळाकार' हेही. मृगाची पहिली सर आली की मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंचा. त्यांचं गुणसूत्र सरळ असतं, दोन टोकांचं. कॉलऱ्याच्या जीवाणूत दोन वर्तुळं. आणि सरांनी सांगितलेल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या नेहमीच्या वाणात एक वर्तुळ, एक सरळ, वर दोन प्लास्मिडं.


धुऱ्यावरचा पळस | गुरुवार, रात्री १०.००

लोणारकाठ, दुरुस्ती मनापासून मान्य. उद्याच वर्गात सांगतो.

आज काय झालं ते लिहितो. त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलावलं होतं. आधी ते तयार नव्हते, "मी काय शिकवू कॉलेजात" म्हणाले. मुलीनंच आणलं त्यांना. सोबत पंचवीस हात दोर घेऊन आले. आम्ही दोराची टोकं एकमेकांत घट्ट गुंफून वर्तुळ केलं, पण गुंफायच्या आधी त्यांनी दोराला उलटा पीळ दिला. वर्तुळ जमिनीवर ठेवलं आणि हात सोडला. दोर आमच्यासमोर आकसत गेला, वेटोळ्यांवर वेटोळी, आणि सुपाएवढ्या जागेत येऊन बसला. वर्गात कुणी बोललं नाही थोडा वेळ. उलट्या पिळामुळे एका ठिकाणी पदर सुटून डोळा पडला होता, तो एका मुलानं बोट घालून दाखवला. म्हटलं, बघा, वाचणारं विकर इथून शिरतं.

मग सहा मुलांना सहा जागी दोर मुठीत घट्ट धरायला सांगितला. एका फासात विळ्यानं एक पदर कापला. तेवढाच फास सैल होऊन जमिनीला टेकला. बाकीचे पाच तसेच पिळलेले. मुलीचे वडील म्हणाले, "हे तं आमाले ठाऊकच हाय, धरेल असलं म्हणजे पीळ जात नाई." वोर्सेल आणि बर्गींचा प्रयोग मी त्यानंतर सांगितला, आणि मुलांना तो समजावून द्यावाच लागला नाही.

जॉन केर्न्स यांचीही गोष्ट सांगितली. १९६३ मध्ये त्यांनी ई. कोलायला किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) खाऊ घातलं, पेशी अगदी हलक्या हातानं उघडली, फिल्म लावून कित्येक आठवडे अंधारात ठेवली, आणि मिलिमीटरभराहून लांब असं अखंड वर्तुळ पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. मुलं म्हणाली, एवढे दिवस वाट पाहिली?

शेवटी आणखी एक गोष्ट लक्षात आली. पटल नसल्यामुळे मजकुराची नक्कल निघत असतानाच रायबोसोम तिच्यावर चढून प्रथिन बनवायला लागतात. चऱ्हाट एका टोकाला वळणं चालू आहे आणि दुसऱ्या टोकानं पाणी शेंदणं सुरू झालंय. आपल्या पेशीत आधी केंद्रकात नक्कल, मग तिची काटछाट, मग बाहेर. जीवाणूला हा फेरा नाही. लॅक्टोज ही साखर वापरायची तीन जनुकं एका रांगेत, एकाच नकलेत. जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडलेला ऑपेरॉन. भिंत नसण्याला मी इतकी वर्षं उणीव म्हणून शिकवलं.

तास संपताना मुलगी परत उभी राहिली. काटेपूर्णा ताई, हा प्रश्न तुमच्यासाठी. मी सांगितलं होतं की दोराची नक्कल एका जागेपासून सुरू होते, दोन यंत्रं दोन दिशांना जातात, सेकंदाला सुमारे हजार जोड्या, आणि सगळं पूर्ण व्हायला ४० मिनिटं लागतात. आणि हेही सांगितलं होतं की चांगलं खायला असलं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुभागतो. तिनं वहीत मांडून दाखवलं, "सर, ४० मिनिटांचं काम २० मिनिटांत कसं होते? हे तं बसतच नाही." मला उत्तर अर्धवट माहीत आहे. तुमच्याकडून नीट हवं.


वऱ्हाडी कापूस | गुरुवार, रात्री १०.४०

मास्तर, वर्गात बापाले बोलावलं हे लय चांगलं केलं. माझ्या पोराले बी दोर वळून दाखवतो आता.

अन् ताई, आज दोन झाडं उपटून गाठी पाह्यल्या. एका वावरातल्या लाल निघाल्या, दुसऱ्या वावरातल्या बारीक अन् पांढऱ्या. दुसऱ्या वावरात यंदा पाकीट लावलं नोतं.


काटेपूर्णा | शुक्रवार, रात्री ९.५०

दादा, एका झाडावरून ठरवू नका, वावराच्या चार कोपऱ्यांतून पाहा. पाणी साचलं असेल तरी गाठी अशाच राहतात.

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा हिशोब बरोबर आहे. २३ लाख जोड्या एका दिशेला, सेकंदाला हजार, म्हणजे २३०० सेकंद, ३८ मिनिटं. शिवाय नक्कल संपल्यावर दोन्ही वर्तुळं साखळीच्या कड्यांसारखी एकमेकींत अडकलेली असतात. ती सोडवायची, हेच टोपोआयसोमरेज ४ चं काम. मग पेशी दुभागायची, त्याला आणखी साधारण २० मिनिटं. म्हणजे तासभर.

जीवाणू नक्कल संपायची वाटच पाहत नाही. पहिली नक्कल अर्ध्यात असतानाच, नव्या झालेल्या दोन्ही दोरांच्या आरंभबिंदूंवर डीएनएए प्रथिन पुन्हा बसतं आणि दुसरी फेरी सुरू होते. कधी तिसरीही. एका दोरावर दोन, त्यांच्या मागे चार, अशी यंत्रं धावत असतात. तेव्हा आज जन्मलेल्या पेशीची नक्कल तिच्या आजीच्या पोटात सुरू झालेली असते, आणि ती जन्मते तेव्हा तिच्या मुलींचं वळणं अर्धं झालेलं असतं, नातींचं सुरू झालेलं. काम ४० मिनिटांचंच आहे, पण दर २० मिनिटांनी एक नवं काम सुरू होतं, म्हणून दर २० मिनिटांनी एक पूर्ण होऊन बाहेर पडतं.

आणि यात एक गंमतीची गोष्ट दडली आहे, तिला सांगा. आरंभबिंदूच्या जवळची जनुकं अशा वेळी पेशीत जास्त प्रतींत असतात, दूरची कमी. रायबोसोमची बरीचशी जनुकं आरंभबिंदूच्याच बाजूला आहेत. भराभर वाढायचं तर रायबोसोम खूप लागतात. कुठलं जनुक दोरावर कुठं आहे, यालाही अर्थ आहे.

तिला सांगताना दोन रंगांचे दोर घ्या, सोपं जाईल.


धुऱ्यावरचा पळस | शुक्रवार, रात्री १०.१५

दोन रंगांचे मिळाले नाहीत तर एक हळदीत बुडवून घेतो. उद्या शनिवार, सकाळची शाळा. पहिला तास माझा आहे, फळा तिच्या हाती देतो.